रत्नाक्काची उलटतपासणी

मी वाईची. आमच्याकडे कुणी पेढा पुढे केला की तो आधी तोंडात जातो आणि मग 'कशाबद्दल हो?' अशी चौकशी होते. रत्नाक्काकडे पद्धत उलटी. पेढा धरला की ती पेढ्याकडे बघायचीच नाही. धरणाऱ्याच्या हाताकडे बघायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "कशापायी?" देणारा बिचारा पोरगा पास झाला, म्हैस व्याली, असं काहीतरी सांगायचा. कारण पटलं तर पेढा पदराच्या टोकात जायचा. पुढे तो खाल्ला जायचा की नाही, देव जाणे.

सांगलीपासून तासाभरावर, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं हायस्कूलवर मराठी शिकवत होते. गावाचं नाव सांगत नाही. रत्नाक्काच्या कानावर गेलं तर ती वाईपर्यंत येईल आणि दारात उभी राहून विचारेल, "माज्यावर कशापायी लिवलं, म्याडम?" तिला काय सांगायचं ते अजून माझं ठरलेलं नाही.

तिची मुलगी तन्वी आठवीला आमच्या शाळेत आली. त्या दिवशी वर्गाच्या दारात एक उंच, काटक बाई उभी होती आणि शेजारी भिंतीकडे तोंड करून एक मुलगी. मी आपली हसले. नवीन मूल आलं की आपण हसतोच की.

"हसलासा का, म्याडम?"

"अहो, सहज."

"सहज कोन हसत न्हाई. माज्या पोरीला बगून हसलासा, का मला बगून?"

मला आला राग. म्हटलं, "तुम्हाला बघून."

"मंग चालंल," ती म्हणाली आणि मुलीला आत सोडायच्या आधी तिनं मला अटी सांगितल्या. "हिला हात लावायचा न्हाई. पाठनं हाक मारायची न्हाई. कायबी बदलायचं आसंल तर आदी सांगायचं. आन् दया करायची न्हाई. दया आली की तिच्या पाठोपाठ कटाळा येतोय."

तन्वीला स्वमग्नता आहे, असं मिरजेच्या डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं. रत्नाक्का तो शब्द फारसा वापरायची नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "तिला समदं कळतंय. फकस्त आपल्यावानी कळत न्हाई. त्यात काय एवढं?" पण त्यात पुष्कळ काही होतं. ही तन्वीची तिसरी शाळा. इथंही जमलं नाही तर दाखला काढून पोरीला कायमची घरी बसवायची, हे आईनं मनाशी ठरवलं होतं आणि मला पहिल्याच दिवशी ऐकवलंही होतं. नवरा फौजेत हवालदार, वर्षातून एकदा रजेवर येणार. घरी ऊस, दोन म्हशी, थकलेली सासू आणि ही मुलगी. घरी बसली की तन्वीला आई आणि आईला तन्वी, तिसरं कुणी नाही. आणि आईच्या माघारी काय, हा प्रश्न त्या घरात कुणी तोंडानं विचारत नव्हतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ती बाई मुळीच आवडली नव्हती. शाळेच्या फाटकाजवळ पाण्याच्या टाकीला कट्टा होता. रत्नाक्का रोज तिथं घेवड्याच्या शेंगा नाहीतर मेथीची जुडी घेऊन बसायची. तिथून आठवीची खिडकी सरळ दिसायची. हातानं निवडणं चालू आणि डोळे वर्गात. मला वाटायचं, हिला संस्थेनं तर बसवलं नसेल ना आमच्यावर पाळत ठेवायला? कविता शिकवताना माझी एक नजर पुस्तकात आणि एक खिडकीत. गणिताचे जाधव सर एकदा वैतागून बाहेर गेले.

"आक्का, शाळा सुटल्यावर या की न्यायला. हितं बसून काय करताय?"

"का? शाळा सुटायच्या आदी लपवायचं काय हाय तुमचं?"

सर मुकाट्यानं वर्गात परत आले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच फळ्यावर बोलावलं नाही.

ती माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, हातांकडे बघायची. "तोंड काय, कुनीबी गोड करतंय. हाताला ते जमत न्हाई," म्हणायची. तन्वीही कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, म्हणून गावातल्या बायका कुजबुजायच्या की लेक आईवर गेली आहे. हे रत्नाक्काच्या कानावर गेलं तेव्हा ती उलट खूश झाली. "मंग? दुसऱ्या कुनावर जाईल?"

इतका संशय या बाईच्या अंगात मुरला कसा, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तेही तिनं सांगितलं ते उपकार केल्यासारखं, शेंगांची देठं मोडता मोडता.

आधीच्या शाळेत तन्वीच्या दप्तरात चॉकलेटचे कागद सापडायला लागले. तन्वी ते सुरेख घडी घालून ठेवायची. आईनं विचारलं, कुणी दिलं गं? तर तिनं वर्गातल्या मुलींची नावं सांगितली. रत्नाक्काला आभाळ ठेंगणं झालं. पोरीला मैत्रिणी मिळाल्या! शेजारपाजारच्या बायकांना सांगत सुटली. आणि एका संध्याकाळी तन्वी चुलीपाशी उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. आईबापांवरची घाण शिवी होती ती. तन्वी ऐकलेलं जसंच्या तसं म्हणते. पोरी चॉकलेट द्यायच्या आणि तिला शिव्या पढवून गुरुजींपुढं म्हणायला पाठवायच्या. वर्ग हसायचा. गुरुजींनी त्या दिवशी तिच्या थोबाडीत मारली होती.

"त्या कागदांवर मी खूस हुते, म्याडम," रत्नाक्का म्हणाली. "येडी मी. पोरगी न्हवं, मी येडी."

मी शेंगा निवडू लागले. तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "शिर न्हाई काढली नीट."

देवालाही ती यातून सूट द्यायची नाही. तिची जाऊ एकदा फारच मागे लागली की औंधच्या यमाईला नवस बोल, पोरगी सुधारेल. रत्नाक्का गेली, पण यात्रेच्या गर्दीत नाही. आडदिवशी, सकाळी सकाळी, डोंगरावर चिटपाखरू नसताना, तन्वीला पायऱ्या तिच्या तिच्या चालीनं चढू देत. जाऊ हात जोडून म्हणाली, "म्हण की गं, माजी पोरगी बरी हू दे." रत्नाक्का देवीच्या पुढ्यात उभी राहिली आणि चक्क म्हणाली, "माजी पोरगी बरीच हाय. ह्या लोकांचं काय करनार हायस, तेवडं सांग." जाऊबाई पुढं कित्येक महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. मला हे त्यांनीच सांगितलं, देवीनं काय उत्तर दिलं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

आमच्या वर्गात तिच्या संशयाचं पहिलं गिऱ्हाईक झाली प्राजक्ता. ही गिरणीवाल्याची मुलगी. गिरणीच्या घरघरीत वाढलेली, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते तिला माहीतच नव्हतं. ती आपण होऊन तन्वीच्या बाकावर जाऊन बसली आणि काय नवल, तिथं बसल्यावर तिचा आवाज उतरला. दिवसभर कुजबुजत बडबडायची. रत्नाक्कानं तिला मधल्या सुट्टीत टाकीपाशी बोलावून घेतलं, मी शेजारीच होते.

"तू हिच्याशेजारी कशापायी बसतीस? म्याडमनी सांगितलं व्हय?"

"न्हाई."

"चाकलेट बिकलेट देतीस का हिला?"

"मलाच कोन देत न्हाई, काकी."

"मंग?"

प्राजक्तानं जरा विचार केला. "बाकीच्या मला बोलू देत न्हाईत. मधीच उटून जात्यात. तन्वी जात न्हाई."

रत्नाक्कानं तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाली, "हां. मंग खरं आसंल." नंतर माझ्याकडे वळून तिनं मला तिचं तत्त्वज्ञान सांगितलं. "म्याडम, ज्याला कायतरी गावतंय त्यो टिकतोय. पुन्य कमवाय आलेला पुन्य भरलं की जातोय." मी बी.एड.ला ढीगभर मानसशास्त्र वाचलं, पण हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

प्राजक्तामुळेच बाकीच्यांनाही तन्वीच्या खाणाखुणा कळत गेल्या. तन्वीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं, पण तिच्या सवडीनं येतं. सकाळी विचारावं, डब्यात काय आहे, तर भूगोलाच्या तासाला मागून गंभीर आवाजात ऐकू यायचं, "घेवडा." नवे शिक्षक चिडायचे. पोरं समजावायची, "सर, ते तुमाला न्हाई, मगाचं हाय."

आता आमच्या भागाची एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे माणसाला आपलं म्हणायची एकच रीत आहे: सत्कार. फौजदार नवा आला, सत्कार. त्याची बदली झाली, सत्कार. दूध संघाच्या निवडणुकीत पडला, तर त्याच्या लढतीचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, वर तुतारी, खाली हलगी, आणि एसटी थांब्यावर माणसाएवढा फ्लेक्स. त्यामागे वाईट हेतू नसतो हो. माणसं खरोखर प्रेमानं करतात. फक्त ज्याचा करायचा त्याला विचारायची पद्धत नाही.

तन्वी नववीत असताना आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं, स्नेहसंमेलनात तिचा सत्कार करावा. समाजात संदेश जाईल, आमदारसाहेबही येणार आहेत. ओळखपत्रावरचा फोटो काढून फ्लेक्स छापला गेला. वर हात जोडलेले पुढारी, मध्ये तन्वी, खाली 'जिद्दीला सलाम'. आम्हा शिक्षकांना तो कळला थांब्यावर लागल्यावर, आणि रत्नाक्कालाही तेव्हाच.

ती सरळ कार्यालयात आली. मी तिथंच हजेरीचं काम करत होते.

"सर, माज्या पोरीनं केलंय काय?"

"ताई, अहो, आनंदाची गोष्ट आहे. सन्मान करतोय आपण तिचा."

"कशाचा?"

"जिद्दीचा."

"रोज शाळंत येती, त्याचा? मंग समद्या वर्गाचा करा की. डोस्क्याला फेटा बांदनार, हलगी वाजवनार. तिला डोस्क्याला कुनी हात लावल्यालं सोसत न्हाई. तिला इचारलं का कुनी?"

सर भले गृहस्थ. पण घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तिला काय कळणार त्यातलं?"

फायली लावणारा शिपाईसुद्धा थांबला.

"कळत न्हाई, तर मंग सत्कार कुनाचा करताय?" रत्नाक्कानं विचारलं. आवाज चढवला नाही. "दाखला काडा तिचा. आज."

सरांनी दाखला कार्यक्रमानंतर बघू म्हणून वेळ मारून नेली. ती बाहेर पडली, घरी गेली आणि कोयता घेऊन एसटी थांब्यावर आली. भर गर्दीत तिनं फ्लेक्सच्या दोऱ्या सपासप तोडल्या आणि फ्लेक्स गुंडाळून नेला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या कडब्याच्या गंजीवर होता, तन्वीचा चेहरा आतल्या बाजूला करून. पुढारी मात्र कडेनं डोकावत होते. रात्री नवऱ्याचा फोन आला म्हणे, "हू दे की गं, मान मिळतोय पोरीला. युनिटमदी फोटू दावला असता." त्याला तिनं सांगितलं, "तुमी तुमची सरहद्द बगा. हितली मी बगती."

तन्वी शाळेत यायची बंद झाली. तिसरी शाळाही संपली, असं मी धरून चालले होते आणि मला फार वाईट वाटत होतं, कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं. तेवढ्यात प्राजक्ता आणि वर्गातली आणखी चार पोरं माझ्याकडे आली. "मॅडम, आमी तन्वीच्या घरी जानार हाय. तुमी चला. काकींची भीती वाटती."

भीती मलाही वाटत होती. पण गेलो.

रत्नाक्का गोठ्यात शेण भरत होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. तन्वी सोप्यात बसून चपला जोडीनं लावत होती, तिनं आमच्याकडे बघितलं नाही, पण प्राजक्ताच्या चपला निघाल्या तशा तिनं रांगेत घेतल्या.

"काय काम हाय?"

एक मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली, "तन्वी आमची मैत्रीण आहे. सगळ्यांना समान संधी मिळाली पाहिजे."

"ह्ये कुनी शिकवलं? ह्या म्याडमनी?" रत्नाक्काचे डोळे माझ्यावर. मी शपथेवर नाही म्हटलं. "दुसरा कोन बोलनार हाय?"

दुसऱ्यानं माणुसकीबद्दल काहीतरी सांगितलं. तिनं शेणाची पाटी उचलली आणि उकिरड्याकडे निघाली. तेव्हा मागं उभा असलेला, आमच्या वर्गातला सगळ्यात दंगेखोर प्रथमेश एकदम बोलून गेला, "काकी, तिला पाठवा की! ती आल्यापास्नं जाधव सर वरडत न्हाईत!"

रत्नाक्का थांबली. "काय?"

"पयलं लय वरडायचे. डस्टर आपटायचे. तन्वी कानावर हात ठेवून बाकाखाली जायची, म्हनून त्यांनी बंद केलं. हळू बोलत्यात आता. मला गनित कळाय लागलंय. ती गेल्यापास्नं परत चालू केलंय त्यांनी."

"काल मला डस्टर बसला," दुसरा म्हणाला.

रत्नाक्कानं पाटी खाली ठेवली. प्रथमेशच्या हातांकडे बघितलं, ते चिखलानं आणि शाईनं बरबटलेले होते. आणि मग ती हसली. त्या दीड वर्षात मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. हसताना ती चक्क तरुण दिसली. "म्हंजी तुमाला तुमचं कान वाचवायचं हायत," ती म्हणाली.

"व्हय," प्रथमेश म्हणाला.

"मंग ठीक हाय."

तिनं पोरांना बसवलं, ताक दिलं आणि स्वतः समोर बसून त्यांची शिकवणी घेतली. घाबरली तर काय करायचं, तर काहीच करायचं नाही, शेजारी नुसतं बसायचं. खेळात घ्यायचं तर नियम आदल्या दिवशी सांगायचा. नको म्हणाली तर नको. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं, कारण माणूस रोज एकसारखा नसतो. पोरं ऐकत होती, मधून मधून प्रश्न विचारत होती, आणि कुणाच्याही तोंडावर ते पुण्य कमावल्याचं तेज नव्हतं. मीच डोळे पुसत होते, तर रत्नाक्का फिस्कारली, "तुमाला काय झालं मधीच?"

सत्काराच्या दिवशी तन्वी घरी राहिली. तुतारी झाली, नाव पुकारलं, कुणी आलं नाही. आमदारसाहेब शाल उलगडून उभे. शेवटी ती शाल त्यांनी मुख्याध्यापकांच्याच खांद्यावर घातली, फेटाही बांधला, आणि टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी शाळेत होती. मुख्याध्यापक टाकीपाशी गेले आणि रत्नाक्काला म्हणाले, "चुकलं माझं, ताई." ती म्हणाली, "फेटा शोभला तुमाला." मला आजही ठरवता येत नाही की ते कौतुक होतं की टोमणा.

तिचा संशय गेला असं कुणी समजू नये. ती कट्ट्यावर येतच राहिली. दहावीला सहल कोयनानगरला ठरली तेव्हा तर तिनं स्वतःचीही पिशवी भरली होती. सकाळी एसटी शाळेपुढं उभी, पोरं चढलेली, तन्वी खिडकीपाशी बसलेली, आणि दारात प्राजक्ता आडवी.

"काकी, तुमी न्हाई यायचं."

"कशापायी?"

"तुमी आलासा तर समद्यांच्या आया येत्याल. मंग कसली सहल?"

"घाट हाय. वळनं हायत. तिला मळमळतंय."

प्राजक्तानं लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी दाखवली. "माज्या नव्या ड्रेसवर नको म्हनून मीच आनलीया."

"आन् भूकंप झाला म्हंजी? तितं सारखं हादरतंय."

"भूकंप झाला तर आमी बी तितंच असनार की, काकी."

यावर रत्नाक्काकडे प्रश्न उरला नाही. ती तशीच उभी राहिली. कंडक्टरनं दार ओढलं, बस निघाली. तन्वी प्राजक्ताचं काहीतरी ऐकत होती, तिनं बाहेर बघितलं नाही. रत्नाक्काचा हात वर गेला आणि अर्ध्यातच खाली आला.

माझे गुडघे दुखत होते म्हणून मी सहलीला गेले नव्हते. मी तिच्याशेजारी उभी होते. त्याच महिन्यात मी निवृत्त झाले आणि वाईला परत आले, त्यामुळे तिला बघितलं ते हे शेवटचं.

बस दिसेनाशी झाल्यावर ती म्हणाली, "म्याडम, मी मेल्यावर हिचं कसं हुईल, म्हनून रातसार झोप लागायची न्हाई मला. आन् ही मी जित्ती असतानाच माज्याबिगर गेली की वो."

मी म्हटलं, "संध्याकाळी येईल, अक्का."

"येईल की," ती म्हणाली, आणि रडू लागली. लपवलंही नाही तिनं. मग पदरानं तोंड पुसून, पिशवी उचलून घराकडे निघाली. मी फाटकातून बघत राहिले. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला होता. रत्नाक्का गाड्यांच्या बाजूनं चालत होती, आणि कडेची, सुरक्षित बाजू तिनं मोकळी ठेवली होती, एक माणूस चालेल एवढी.